बाळंतपणाची रजा आणि बापाचा वाटा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही ‘बाळंतपणाची रजा’ असे सांगितले. त्यांपैकी एक गृहस्थ हसून म्हणाले, “तुम्ही युनियनचे माणूस. बोनसवर बोला, महागाईभत्त्यावर बोला. बाळंतपणावर तुम्ही काय बोलणार?” त्यांनी थट्टेने विचारले खरे, पण प्रश्न खोटा नव्हता. बाळंतपण हा बायकांचा विषय, रजा हा कामगारांचा विषय, आणि दोन्ही एकत्र आले की तो कोणाचाच विषय उरत नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. महाड-पोलादपूरच्या मुलखात तीस वर्षे कामगारांत वावरल्यावर आम्हांला असे वाटू लागले आहे की, या एका विषयात मजुरीचे सारे मोठे प्रश्न सापडतात. काम कशाला म्हणावे, मालक कोण, पैसे कोणी द्यावेत आणि माणसाचा वेळ कोणाच्या मालकीचा, हे चारही प्रश्न पाळण्याभोवती उभे आहेत. म्हणून हा विषय घेतला.

आम्ही वकील नाही आणि डॉक्टरही नाही. जे थोडेफार वाचले ते पाळी संपल्यावर वाचले. तेव्हा बोलण्यात चूक दिसली तर आपण शेवटी उठून जरूर सांगावी.

प्रथम आमच्याच घरची गोष्ट सांगतो, म्हणजे दुसऱ्यांना उपदेश केल्याचा दोष येणार नाही. आमची थोरली मुलगी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत, तिच्या आजोळी जन्मली. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली चाल. आम्ही तेव्हा एका कारखान्यात रात्रपाळीला होतो. पावसाळ्याचे दिवस होते. फाटकावरच्या फोनवर निरोप आला तो पाळी सुरू झाल्यानंतर. वरिष्ठांना विचारले, तर ते म्हणाले, “दोघी सुखरूप आहेत ना? मग तुमचे तेथे काय काम?” आम्हांलाही ते पटले. पाळी पुरी केली. दुसऱ्या दिवशी बदली माणूस नव्हता. तिसऱ्या दिवशी खाडा पडला तर हजेरीचे पैसे जातील अशी धास्ती. असे करता करता मुलीचे तोंड पाहिले ते बाराव्या दिवशी, बारशाला. सासूबाईंनी पोर मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, “जावईबापू, पाहुण्यासारखे आलात.” त्या रागाने बोलल्या नव्हत्या. पण तो शब्द आम्हांला आजवर विसरता आलेला नाही. आपल्याच लेकराच्या घरी बाप पाहुणा, आणि त्यात वावगे काही आहे असे त्या दिवशी कोणालाच वाटले नाही. आम्हांलाही नाही.

आमच्या आधीच्या पिढीचे तर विचारूच नका. या डोंगराळ मुलखातला पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गिरणीत आणि गोदीत राबला. गावी पोर झाले की पोस्टकार्ड जाई. ते खोलीवर कोणीतरी वाचून दाखवी, आणि बाप शिमग्याला गावी येई तेव्हा पोर रांगू लागलेले असे. मुंबईच्या गिरण्यांनी या दोन तालुक्यांकडून माणसे घेतली, पण त्या माणसांचे बाळंतपण, म्हातारपण आणि आजारपण गावावर टाकले. ते सारे सासूने, आईने, जावेने आणि नणंदेने निभावले. त्याचा हिशेब कोणत्याही पगारपत्रकात नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्याला काय म्हणतात ते विद्वानांनी सांगावे. आम्ही त्याला गावाने मालकांना दिलेले बिनव्याजी कर्ज म्हणतो, आणि ते अद्याप फिटलेले नाही.

आता थोडे इतिहासाकडे वळू. बाळंतपणाच्या रजेचा विषय विलायतेहून आला, तो मोठ्या शहरातल्या सुशिक्षित बायकांचा आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. त्याची मुळे आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, सापडतात. येथून जवळच असलेल्या गोरेगावात १८७९ साली नारायण मल्हार जोशी यांचा जन्म झाला. हिंदी कामगार चळवळीचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव आघाडीवर घ्यावे लागते. १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेचे पहिले अधिवेशन वॉशिंग्टनला भरले, तेथे ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी होते. कारखान्यातल्या बाईला बाळंतपणापूर्वी सहा आणि नंतर सहा अशी बारा आठवड्यांची रजा आणि पोटापुरता पैसा मिळावा, असा ठराव त्याच अधिवेशनात झाला. पुढे १९२४ साली जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात तशा धर्तीचे विधेयक मांडले. ते नामंजूर झाले. सरकारला ते घाईचे वाटले आणि मालकांना महागाचे वाटले. शंभर वर्षे लोटली, पण हे दोन आक्षेप अजून तितकेच ताजे आहेत.

महाडचे नाव तर या प्रश्नाशी याहूनही जवळून जोडलेले आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले, आणि पुढचा इतिहास आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यानंतर सोळा महिन्यांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता : बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. पण सरकार तो उचलत नाही तोवर मालकाला सुटका नाही, कारण पुरुषाऐवजी बाईला कामावर ठेवण्यात मालकाला फायदा दिसतो म्हणूनच तो तिला ठेवतो. फायदा घेतो त्याने भारही घ्यावा. ‘पैसे कोणी द्यायचे’ या प्रश्नाचे याहून सरळ उत्तर आम्ही आजवर कोठे वाचलेले नाही.

महाडची ती परिषद भरवण्यासाठी खपलेले रामचंद्र बाबाजी मोरे पुढे मुंबईच्या गिरणी कामगारांच्या लाल बावट्याखाली गेले, हेही येथे सांगितले पाहिजे. तळ्याच्या पाण्याचा हक्क आणि कामगाराच्या विश्रांतीचा हक्क या त्या पिढीला दोन वेगळ्या गोष्टी वाटत नव्हत्या. त्या आपण वेगळ्या केल्या.

१९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. हिंदुस्थानातला तो या प्रकारचा पहिला कायदा. परंतु त्याची दुसरी बाजूही सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. एकेकाळी मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांत जवळजवळ एक बाई असे. १९३० नंतर ही संख्या घटत गेली. नवी यंत्रे आली, बायकांना रात्रपाळीची बंदी झाली, आणि बाळंतपणाचा खर्च टाळावा म्हणून बायकांना घेणेच मालकांनी कमी केले. जो कायदा बाईच्या रक्षणासाठी झाला, त्याचाच आधार घेऊन तिला फाटकाबाहेर ठेवता येते, हा धडा आपल्या पूर्वजांना फार लवकर मिळाला. आजच्या विषयाचा गाभा या धड्यात आहे. तो ध्यानात ठेवावा ही विनंती.

पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४२ ते १९४६ या काळात, खाणीतल्या बायकांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात सुधारणा झाल्या. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा आला. राज्यघटनेच्या ४२ व्या कलमात माणुसकीला धरून कामाची परिस्थिती आणि प्रसूतीसाठी साहाय्य यांची तरतूद करावी, असा राज्याला आदेश आहे. १९६१ साली सबंध देशासाठी बारा आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा झाला. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी ती रजा सव्वीस आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक माणसे असतील तेथे पाळणाघर हवे, आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, असेही ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९६१ चा कायदा तिच्यात सामावून गेला. सव्वीस आठवडे कायम राहिले. आईसाठी भरपगारी सव्वीस आठवडे देणारे देश जगात फार नाहीत. कागदावर आपण पुढारलेले आहोत.

आता कागद बाजूला ठेवू आणि फाटकावर जाऊ.

काही वर्षांपूर्वी एक बाई आमच्या कचेरीत आली. एका कारखान्यात ती ठेकेदाराकडून पॅकिंगला होती. सातवा महिना होता. चार वर्षे रोज एकाच फाटकातून ती आत जात होती. त्या चार वर्षांत ठेकेदार तीन झाले, बाई तीच. मुकादम तिला म्हणाला, “ताई, आता घरी बसा. मोकळ्या झालात की या.” बोलणे किती गोड! महिनाअखेरीस हजेरीपटावर तिचे नाव नव्हते. कायद्याने काय हवे? बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम. तिचे तीनशेच्या घरात भरले असते. पण दाखवायचे कशाने? पगार रोख, ओळखपत्राची मुदत संपलेली आणि नव्या ठेकेदाराच्या वहीत दोन महिन्यांपूर्वीची तारीख. ठेकेदार म्हणाला, “ती आपणहून गेली.” कारखाना म्हणाला, “ती आमची नव्हेच.” आम्ही अर्ज केले, खेटे घातले, आणि शेवटी दीड महिन्याच्या मजुरीवर तडजोड झाली. बाई म्हणाली, “भाऊ, तुम्ही होता म्हणून एवढे तरी मिळाले.” आम्हांला मान वर करवेना. कायदा सव्वीस आठवडे म्हणतो, आणि आम्ही तिला सहा मिळवून दिले होते.

सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजी दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांच्या खटल्यात स्वच्छ सांगितले आहे की, रोजंदार असली म्हणून बाई या लाभाला मुकत नाही. त्या बायका रस्त्यावर खडी टाकणाऱ्या होत्या. निकाल पंचवीस वर्षांहून जुना आहे. तो आपल्या मुकादमापर्यंत अजून पोहोचावयाचा आहे.

आणि जिला फाटकच नाही तिचे काय? पोलादपूरच्या बाजूला आषाढात भातलावणी चालते, तेव्हा आठव्या महिन्याची बाई गुडघाभर चिखलात वाकलेली आम्ही पाहिली आहे. तिचा मालक कोण? कधी शेजारी, कधी दीर, कधी ती स्वतःच. दुसऱ्यांची बाळंतपणे सुखरूप व्हावीत म्हणून रात्री-अपरात्री धावणारी आशाताईसुद्धा सरकारी भाषेत कामगार नाही. तिला पगार नसतो, मोबदला असतो. अशा बायकांसाठी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये, आणि २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. नोंदणी झालेल्या बांधकाम कामगारांना त्यांच्या कल्याणकारी मंडळाकडून साध्या बाळंतपणाला पंधरा हजार आणि शस्त्रक्रियेच्या बाळंतपणाला वीस हजार रुपये मिळण्याची सोय आहे. नोंदणी झाली असेल तर! बांधावरच्या किती बायकांनी हा अर्ज पाहिला आहे?

येथे थोडा हिशेब करू. एका बाईला महिना पंधरा हजार, म्हणजे रोज पाचशे रुपये पडतात असे धरा. ती कायम कामगार असेल तर सव्वीस आठवड्यांचे, म्हणजे १८२ दिवसांचे, एक्याण्णव हजार रुपये तिला मिळतील. तीच बाई बांधावर असेल तर पाच हजार, म्हणजे दहा दिवसांची मजुरी. दोघींच्या पोटातले बाळ नऊ महिनेच घेते, दोघींची जखम तितक्याच दिवसांनी भरते. मग एकीला १८२ दिवस आणि दुसरीला दहा, हा फरक कोणत्या शास्त्राने काढला? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गर्भवती आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये देण्याचे लिहिले आहे. पहिल्या बाळंतपणाला योजना पाचच देते. कायद्यापेक्षा योजना लहान, असा हा कारभार आहे.

इतका वेळ आईबद्दल बोललो. आता बापाकडे येतो, कारण सध्या जी नवी विधेयके चर्चेत आहेत ती बापाबद्दल आहेत.

केंद्र सरकारच्या पुरुष नोकरांना नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून पंधरा दिवसांची भरपगारी पितृत्व रजा आहे. दोनपेक्षा कमी अपत्ये हयात असतील तर, आणि बाळाच्या जन्मानंतर सहा महिन्यांच्या आत ती घ्यावी लागते. काही मोठ्या कंपन्या आपणहून रजा देतात. बाकी कारखान्यांतल्या आणि दुकानांतल्या पुरुषांना कायद्याने एक दिवसही नाही. नव्या संहितेतही बापाची रजा नाही. हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली लोकसभेत पितृत्व लाभाचे विधेयक आणले होते. पंधरा दिवसांची रजा, ती तीन महिन्यांपर्यंत वाढवता यावी, आणि असंघटित कामगारही त्यात यावेत, असा त्याचा रोख होता. ते मंजूर झाले नाही. सातव २०२१ च्या मे महिन्यात आपल्यातून गेले. डिसेंबर २०२५ मध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी बापाच्या भरपगारी रजेचे विधेयक पुन्हा लोकसभेत मांडले. ही दोन्ही विधेयके महाराष्ट्राच्या खासदारांची आहेत, याचा आपल्याला अभिमान वाटावा. पण भाबडेपणा नको. अशा खासगी विधेयकांपैकी स्वातंत्र्यानंतर कशीबशी चौदा मंजूर झाली आहेत, आणि शेवटचे १९७० साली. खासदाराने विधेयक मांडणे ही दारावरची थाप असते. दार उघडायला बाहेर माणसे उभी असावी लागतात.

यावर आमच्या बैठकांत जे आक्षेप निघतात ते सांगतो.

पहिला आक्षेप असा की, बाप घरी राहून काय करणार? दूध तर आईच पाजणार. हा आक्षेप करणाऱ्याने बाळंतिणीच्या घरी एक दिवस काढावा. दवाखान्याचे कागद, एकवीस दिवसांच्या आत जन्माची नोंद, बाळाच्या लसी, मातृवंदनेचा अर्ज आणि त्यासाठी बँकेचे खाते. थोरल्या पोराला शाळेत पोचवणे. पाणी तापवणे, धुणी, भाकरी. रात्री रडणाऱ्या पोराला खांद्यावर घेऊन फिरणे. यातले एकही काम असे नाही की ज्याला मिशा आड येतात. पूर्वी हे आजी करी. आज आजी कोठे आहे? ती स्वतः ठेकेदाराकडे झाडलोटीला आहे, नाहीतर गावी दोन म्हशींना बांधलेली आहे. आपल्या औद्योगिक वसाहतीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडची कुटुंबे दहा बाय दहाच्या खोलीत राहतात. तेथे माहेर दोन दिवसांच्या रेल्वेवर असते. त्या खोलीत बाळंतीण, बाळ आणि बाप अशी तीनच माणसे. बाप पाळीला गेला की ओल्या बाळंतिणीने उठून चूल पेटवायची. सव्वा महिना तिने अंथरुण सोडू नये म्हणणारा आपला धर्म त्या वेळी कोठे जातो?

दुसरा आक्षेप : पुरुष रजा घेतील आणि पत्ते कुटतील, किंवा गुत्त्यावर बसतील. काही बसतील, आम्ही नाकारत नाही. आजारपणाची रजा घेऊन लग्नाला जाणारेही आम्ही पाहिले आहेत. म्हणून आजारपणाची रजा कोणी रद्द केली नाही. आणि दहांतले दोन पत्ते कुटतील म्हणून उरलेल्या आठांच्या बायकांनी चूल का फुंकावी?

तिसरा आक्षेप खरा महत्त्वाचा आहे. लहान मालक म्हणतो, “माझ्याकडे वीस माणसे. मी हे ओझे कसे पेलू?” यात तथ्य आहे, आणि युनियनच्या माणसाने ते मान्य करायला लाजू नये. यावर उपाय विम्याचा. कामगार राज्य विम्यात एकवीस हजारांपर्यंत पगाराच्या कामगारामागे मालक सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का भरतो, आणि जेथे ही योजना लागू आहे तेथे बाळंतपणाचे पैसे त्या सामाईक फंडातून मिळतात. बापाची रजाही त्याच फंडातून द्यावी. एक ढोबळ हिशेब करून पाहा. पंधरा हजार पगाराचे शंभर कामगार धरा. वर्षाला पगाराचे होतात एक कोटी ऐंशी लाख. त्यांतले पाच जण वर्षात बाप झाले असे समजा. प्रत्येकी पंधरा दिवसांचे साडेसात हजार, पाचांचे साडेसदतीस हजार. शंभर रुपये पगारामागे एकवीस पैसे पडतात. एकवीस पैशांनी कोणता कारखाना बंद पडला?

आणि आता त्या गिरण्यांच्या धड्याकडे परत येऊ. रजा फक्त आईला आणि खर्च फक्त तिच्या मालकाचा, असे असेल तर मालक बाईला घेण्याचे टाळतो. सव्वीस आठवडे झाल्यावर ही भीती वाढली, कमी झाली नाही. यातून सुटायच्या वाटा दोनच आहेत. एक, पैसे सामाईक फंडातून यावेत, म्हणजे बाई घेतली काय आणि पुरुष घेतला काय, मालकाच्या खिशाला फरक पडणार नाही. दोन, पुरुषानेही रजा घ्यावी. पुरुषही पाळण्यासाठी घरी राहतो हे एकदा रूढ झाले की ‘बाई म्हणजे रजेची कटकट’ हे म्हणणे लंगडे पडते. म्हणून बापाची रजा ही पुरुषांची चैन नाही. ती बाईच्या नोकरीला लावलेली टेकणी आहे.

स्वीडनने १९७४ साली रजा आईबाप दोघांनाही खुली केली. नुसती खुली केल्यावर बहुतेक रजा आयाच घेत राहिल्या. नॉर्वेने १९९३ साली चार आठवडे बापासाठी राखून ठेवले. बापाने घेतले नाहीत तर ते बुडतील, असा नियम केला. तोवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके बाप रजा घेत. थोड्याच वर्षांत बहुसंख्य घेऊ लागले. उलट जपानात कायद्याने बापाला भरपूर रजा असूनही कितीतरी वर्षे फारच थोड्यांनी ती घेतली, कारण साहेब आणि सोबती काय म्हणतील ही धास्ती. तेव्हा कायदा हवाच, पण कायद्याबरोबर कारखान्यातली हवाही बदलली पाहिजे.

येथे आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. कारखान्यातली हवा म्हणजे कोण? साहेब एकटाच नव्हे, आम्हीसुद्धा. एका करारात आम्ही मागण्यांच्या यादीत पाळणाघर आणि बापासाठी सात दिवसांची रजा या दोन मागण्या घातल्या होत्या. बोलणी सुटत आली तेव्हा व्यवस्थापनाने विचारले, “या दोन सोडता का? महिना दीडशे रुपये वाढवून देतो.” आम्ही सभा घेतली. सभेत सारे पुरुष होते, कारण ठेकेदाराच्या बायका सभासदच नव्हत्या. त्यांना आम्ही कधी सभासद केलेच नव्हते. हात वर झाले, दोन मागण्या गेल्या आणि दीडशे रुपये आले. रात्री गुलाल उधळला. तो गुलाल आम्हीही कपाळाला लावला. पुढे जेव्हा ती सातव्या महिन्याची बाई कचेरीत आली, तेव्हा आम्हांला कळले की ते दीडशे रुपये कोणाच्या पदरातून आले होते. मालकाने आमच्यावर अन्याय केला हे सांगायला आम्हांला जन्मभर शब्द पुरले. आम्ही केलेला हा अन्याय सांगायला आज प्रथमच तोंड उघडतो आहोत.

मग करायचे काय? आमच्या बुद्धीप्रमाणे तीन गोष्टी सुचवतो. पहिली, येथून पुढे कोणत्याही कराराच्या मागणीपत्रात ठेकेदाराच्या बायकांची रजा, पाळणाघर आणि बापाचे किमान पंधरा दिवस या मागण्या पगारवाढीच्या शेजारी असाव्यात, आणि त्या विकायला काढू नयेत. त्या बायका सभासद असतील आणि सभेत बसलेल्या असतील तरच हे होईल. दुसरी, हजेरीचा पुरावा. ठेकेदाराकडच्या प्रत्येक बाईने पगाराची चिठ्ठी मागावी, पगार खात्यावर घ्यावा. ठेकेदार बदलला तरी तारखा आपल्या वहीत लिहून ठेवाव्यात. शंभर भाषणांपेक्षा ती चार आण्यांची वही जास्त कामाची. तिसरी, आपल्या मुलखातल्या लोकप्रतिनिधींकडे सर्व युनियन्सनी, महिला मंडळांनी आणि ग्रामसभांनी मिळून मागणी करावी की, बापाची रजा संहितेत घालावी, खर्च विम्याच्या फंडातून करावा आणि बांधावरच्या आईला निदान किमान मजुरीच्या हिशेबाने पैसे द्यावेत. संहितेत असंघटित कामगारांच्या प्रसूतिलाभासाठी केंद्राने योजना करावी असे लिहिलेलेच आहे. लिहिलेले वसूल करणे हे आपले काम.

शेवटी एवढेच. आपण ज्या गावात बसलो आहोत त्या गावाने देशाला कागद आणि हक्क यांतले अंतर दाखवले आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा ठराव बोले यांनी १९२३ साली मुंबई कौन्सिलात मंजूर करून घेतला. १९२४ साली महाड नगरपालिकेने तो स्वीकारला. म्हणजे चवदार तळे कागदावर खुले झाले. तरी तीन वर्षे कोणाच्या ओंजळीला ते पाणी लागले नाही. माणसे चालत गेली तेव्हा लागले, आणि मार खाऊन, पुढे कोर्टकचेऱ्या करून, १९३७ साली उच्च न्यायालयात ते कायम झाले. त्या लढ्याच्या तोडीचे आमचे काम आहे असे म्हणण्याचा आगाऊपणा आम्ही करणार नाही. पण त्याची शिकवण आमच्यासाठीही आहे. पुढल्या वर्षी, २०२७ साली, त्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतील. मोठे समारंभ होतील आणि ते व्हावेत. त्या वेळी तळ्याच्या पायरीवर उभे राहून बाबासाहेबांचे १९२८ चे ते भाषणही कोणीतरी वाचून दाखवावे, आणि ऐकणाऱ्यांत ठेकेदाराच्या कामावरच्या बाया भरपगारी रजेवर आलेल्या असाव्यात, एवढी आमची इच्छा आहे.

आमच्या मुलीचे आता लग्न झाले आहे. गेल्या वर्षी तिला मुलगा झाला. जावई पुण्याला एका कंपनीत आहेत, त्यांना दहा दिवसांची रजा मिळाली. आम्ही बाळ पाहायला गेलो तेव्हा ते बाळाची दुपटी वाळत घालत होते. आम्हांला पाहून थोडे ओशाळले. आम्ही म्हटले, “लाजू नका, जावईबापू. आम्ही बारा दिवस उशिरा आलो होतो, तुम्ही वेळेवर आहात.”